खानदेशच्या हवेत नाताळचं झाड: माळा, बोंडं, चांदणी आणि गोठा

मोबाइलवर दिसणारं ख्रिसमस ट्री आठ फुटी असतं, खऱ्या फरचं असतं आणि खिडकीबाहेर बर्फ पडत असतो. आपल्याकडे जळगाव-धुळ्याला डिसेंबरात पहाटे पारा दहा अंशांखाली जातो आणि दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. हवा कोरडी, वारा सुटला की धूळ, आणि लाइटचा भरवसा नाही. फोटो बघून केलेली सजावट इथे चार दिवसांत मान टाकते ती त्यामुळे. त्यापेक्षा या दिवसांत शिवारात जे पडलेलं असतं, म्हणजे कापसाची बोंडं, तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या), कडबा, ते वापरलं तर खर्चही वाचतो आणि झाड आपल्या घरातलं वाटतं.

भुसावळच्या रेल्वे वसाहतीतली जुनी घरं, जळगाव-धुळ्यातली मंडळी, नंदुरबार-नवापूर-चिंचपाड्याकडची आदिवासी ख्रिस्ती गावं, प्रत्येकाची रीत थोडी वेगळी. कॅथलिक घरात गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडतातच. प्रॉटेस्टंट घरांत बहुधा झाड आणि चांदणीवर भागतं. दारावरची चांदणी मात्र सगळीकडे. हल्ली पोरांच्या हट्टापायी बिगरख्रिस्ती घरांतही झाड येतं, त्यांनाही पुढचं सगळं लागू.

झाड कोणतं घ्यावं

नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून कुंडीत जे मिळतं ते अरोकेरिया. ते पाइन नव्हे. मूळचं ते ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधल्या नॉरफोक बेटावरचं, म्हणजे समुद्राच्या दमट हवेत वाढलेलं. खानदेशात ते जगतं, पण लाड करावे लागतात. काळ्या मातीत लावूच नका. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. वाळली की भेगाळते आणि मुळं तुटतात. दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, हे मिश्रण चालतं. तीन फुटी झाडाला किमान १२ इंची कुंडी हवी.

घेताना दोन गोष्टी बघायच्या: शेंडा शाबूत आहे का, आणि सगळ्यात खालचा फांद्यांचा मजला हिरवा आहे का. शेंडा मोडलेलं झाड पुन्हा सरळ आणि देखणं वाढत नाही. खालची फांदी वाळली तर तिथे नवी येत नाही, झाड कायमचं उघडं पडतं. टोकं तपकिरी होत असतील तर बहुतेक वेळा बोअरचं खारं पाणी किंवा कोरडी हवा कारणीभूत असते. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या. घरात हे झाड १० ते १२ दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, तेही खिडकीजवळ. माती वरून इंचभर कोरडी झाली की पाणी, रोज उठून नाही. फांद्या नाजूक असतात, म्हणून काचेचे गोळे किंवा मातीचे जड दागिने त्यांच्यावर नकोत. कागद, कापूस आणि हलक्या एलईडीवरच भागवायचं.

सुरूची फांदी आणून बादलीत रोवायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. दिसते छान, पण २२-२३ तारखेच्या आधी तोडू नका. ओल्या वाळूत रोवली आणि वाळू रोज ओली ठेवली तरी या कोरड्या हवेत चार-पाच दिवसांत सुया गळायला लागतात, आणि वाळलेल्या सुरूला पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. त्याच्याजवळ मेणबत्ती नकोच.

राहिलं प्लॅस्टिकचं झाड. बहुतेकांनी हेच घ्यावं असं माझं मत आहे, कारण नीट ठेवलं तर दहा-दहा वर्षं टिकतं. दहा बाय बाराच्या खोलीला चार किंवा पाच फुटी पुरे. सहा फुटीची खालची रुंदी साडेतीन फुटांच्या आसपास जाते आणि मग सोफा हलवावा लागतो. खोक्यातून काढलं की फांद्या दबलेल्या असतात. खालच्या मजल्यापासून सुरू करून एकेक फांदी खोडाकडून बाहेर उलगडत यायची: एक टोक डावीकडे, एक उजवीकडे, मधलं सरळ, आणि दर दोन-तीन टोकांमागे एक वर. चार फुटीला अर्धा तास सहज जातो. इथे कंटाळा केला की मग कितीही गोळे टांगा, मधली लोखंडी सळई दिसतच राहते.

स्टँड तीन पायांचा आणि हलका असतो. वजन वर आलं की झाड पुढे कलतं. स्टँड घमेल्यात ठेवून भोवती तीन-चार विटा रचायच्या आणि वरून गोणपाट किंवा जुनी लाल साडी गुंडाळायची. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर खोडाच्या वरच्या भागाला नायलॉनची दोरी बांधून ती खिडकीच्या गजाला अडकवा. ही दोरी फांद्यांत दिसत नाही. जागा निवडताना प्लग जवळ हवा. वायर येण्याजाण्याच्या वाटेवर आडवी पडत असेल तर जागा बदला.

दिवे आधी, बाकी नंतर

सजावटीचा क्रम ठरलेला आहे: आधी दिवे, मग झालर, मग मोठे गोळे, मग लहान, शेवटी शेंड्यावरची चांदणी. गोळे टांगून झाल्यावर दिव्यांची माळ फिरवायला गेलं की निम्मे गोळे खाली येतात.

झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी लाल, पांढरे, निळे असे ८० दिवे लावले होते. तोवर मेणबत्त्याच असायच्या, आणि आगीही लागायच्या. आज शंभर-दीडशे रुपयांत शंभर दिव्यांची एलईडी सिरीज मिळते. दिवाळी उरकली की जळगावच्या फुले मार्केटात आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर उरलेल्या माळा कमी भावात निघतात. नोव्हेंबरातच घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

किती घ्यायच्या? फुटाला ५० ते ७० दिवे धरले तर घरगुती झाडाला पुरतात. म्हणजे चार फुटीला शंभराच्या दोन माळा, हौस असेल तर तीन. झाड कोपऱ्यात असेल तर मागच्या बाजूला दिवे लावण्यात अर्थ नाही. माळ गोल न फिरवता पुढच्या भागावरच खालून वर नागमोडी न्या, एक माळ वाचते.

झाडावर चढवण्याआधी प्रत्येक माळ जमिनीवर पसरून १५-२० मिनिटं चालू ठेवायची. मग लुकलुकण्याचे प्रकार बदलणाऱ्या, बटण असलेल्या त्या छोट्या डबीला हात लावून बघायचा. कोमट असेल तर ठीक, तापलेली असेल तर ती माळ बाजूला. अशी डबी कापसात किंवा चमकीत दडली तर धोका असतो. माळेचा एक तुकडाच बंद असेल तर त्या तुकड्यातला एखादा दिवा सैल झालेला असतो किंवा त्याचा पाय गंजलेला असतो. या माळांत दिवे तुकड्यातुकड्याने सिरीजमध्ये जोडलेले असतात, म्हणून एक गेला की त्याच्यासोबतचे सगळे जातात. प्लग काढून तो तुकडा दिवा-दिवा दाबून बघा. नाही जमलं तर वायर कापत बसू नका. बंद तुकडा झाडाच्या मागे जाईल असा फिरवा.

चढवताना प्लगची बाजू खाली ठेवून बुंध्यापासून वर जायचं. माळ नुसती फांद्यांच्या टोकांवरून नेली तर झाडाला दोरी गुंडाळल्यागत दिसतं. प्रत्येक फांदीवरून आत खोडापर्यंत जायचं, खोडाला अर्धा वेढा, आणि पुढच्या फांदीवरून बाहेर यायचं. आतल्या दिव्यांमुळे झाडाला खोली येते. पूर्ण झालं की खोलीतली ट्यूबलाइट बंद करून सहा-सात फूट मागे जा आणि डोळे बारीक करून बघा. काळे पट्टे लगेच कळतात.

दोन पिनांचे हलके प्लग आपल्या जुन्या बोर्डात सैल बसतात आणि आतल्या आत ठिणगी पडते. प्लगजवळ चरचर आवाज आला किंवा जळका वास आला तर तो सॉकेट वापरू नका. तिन्ही माळा एकमेकींच्या शेपटीला जोडण्यापेक्षा फ्यूज असलेल्या एका एक्स्टेंशन बोर्डावर शेजारी शेजारी लावाव्यात. लाइट गेली-आली की बऱ्याच माळा पुन्हा पहिल्या, लुकलुकणाऱ्या मोडवर येतात. बटण दाबून स्थिर मोडवर आणाव्या लागतात, म्हणून ती डबी हात पोचेल अशा जागी असू द्या. विजेचा दाब वर-खाली झाला की सगळ्यात आधी हीच डबी जाते. रात्री झोपताना आणि घराला कुलूप लावताना बोर्डाचं बटण बंद. याला अपवाद नाही.

रंगाबद्दल एक आगाऊ सल्ला. एकाच पिवळसर रंगाचे स्थिर दिवे लावले तर गोळे, बोंडं, कागद सगळं उठून दिसतं. सात रंगांच्या लुकलुकत्या माळेत फक्त माळच दिसते.

गोळे, झालर आणि बोंडं

चार फुटी झाडाला ४० ते ५० गोळे होतात. तीन मापांत घ्या: ८ सेंटिमीटरचे डझनभर, ६ सेंटिमीटरचे वीसेक, बाकी ४ सेंटिमीटरचे. मोठे खाली आणि आत खोडाच्या बाजूला, लहान वर आणि टोकांना. रंग दोन, फार तर तीन. बाजारातल्या पाकिटात येणारे तारेचे आकडे सैल असतात, पंख्याच्या वाऱ्यानेही गोळे गळतात. बांधकामाची बारीक बाइंडिंग तार चार-चार इंच तोडून फांदीला एक पीळ द्या. काचेच्या गोळ्यांची परंपरा जर्मनीतल्या लाउशा गावातल्या काचकारागिरांची, एकोणिसाव्या शतकातली. आपल्या फरशीवर काचेचा गोळा एकदाच पडतो, त्यामुळे लहान पोरं असतील तर प्लॅस्टिकचेच बरे.

झालर फुटाला आठ-नऊ फूट लागते, म्हणजे चार फुटीला ३२ ते ३६ फूट. सहा फुटी तुकडे मिळतात, ते सहा घ्या. ती ताणून बांधायची नाही, दोन फांद्यांमध्ये थोडी झोळ सोडायची. स्प्रेचा बर्फ मात्र घेऊ नका. पहिल्या वर्षी बरा दिसतो, पण प्लॅस्टिकवर चिकटतो, त्यावर वर्षभराची धूळ बसते आणि पुढच्या डिसेंबरात झाड मळकट दिसतं. धुऊनही निघत नाही.

बर्फाची हौस भागवायला खानदेशात कापसाइतकं काही सोपं नाही, तरी कापसाचे पुंजके फांद्यांवर पसरायची जुनी सवय सोडावी. मोकळा कापूस ठिणगीने भडकतो. त्याऐवजी उमललेली बोंडं देठासकट लावा. डिसेंबरात शेवटच्या वेचणीची बोंडं पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, असतात. सगळ्या पाकळ्या उघडलेलं, कापूस पांढरा आणि घट्ट बसलेला, देठ दीड-दोन इंच, असं बोंड निवडा. पिवळट डाग पडलेलं किंवा एखादी पाकळी चिकटून राहिलेलं बोंड नको. त्यात बोंडअळी असू शकते. निवडलेल्या बोंडांमधूनही लालसर ढेकूण घरात येतात आणि दोन दिवसांनी भिंतीवर फिरताना दिसतात. म्हणून बोंडं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून, दोन दिवस कडक उन्हात ठेवायची, मग पिशवी बाहेरच उघडून एकेक झटकायची. चार फुटी झाडाला २० ते २५ बोंडं पुरतात. ती फांदीच्या टोकाला, दिव्यापासून आणि डबीपासून थोडी दूर बांधा. हिरव्यावर पांढरं असं ते जे दिसतं त्यापुढे विकतचे गोळे फिके पडतात.

मुलांना कामाला लावायचं असेल तर मिठाच्या पिठाच्या चांदण्या. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी. पाणी हळूहळू घालत पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं, दहा मिनिटं झाकून ठेवायचं, पाच-सहा मिलिमीटर जाड लाटून साच्याने कापायचं. वरच्या टोकाला स्ट्रॉने भोक पाडायचं, आणि हे वाळण्याआधीच, नंतर पाडलं की तडकतं. आपल्या उन्हात तीन-चार दिवसांत खडखडीत वाळतात. रोज उलटायला विसरलात तर कडा वर वळतात. ओव्हन असेल तर १२० अंशांवर दोन तास. रंग वाळला की दोन्ही बाजूंनी वार्निशचे दोन हात द्या. वार्निश चुकवलं तर पावसाळ्यात मीठ पाणी ओढतं आणि चांदणी लिबलिबीत होते. शिवाय उंदीर आणि मुंग्या आहेतच.

दारावरची चांदणी

विकतची कागदी चांदणी घडीची असते आणि स्वस्तही. पण बांबूच्या कामट्यांची घरी केलेली चांदणी दरवर्षी फक्त कागद बदलून चालते, म्हणून ती एकदा नीट करण्यासारखी आहे. कामट्या बुरुडाकडून ओल्या बांबूच्या घ्या: अर्धा इंच रुंद, तीन मिलिमीटर जाड. तुराट्या किंवा पऱ्हाटी इथे चालत नाही, वाकवताना मोडते.

दहा कामट्या ६२ सेंटिमीटरच्या कापा. दोन्ही टोकांना एक-एक सेंटिमीटर बांधायला सोडलं की कामाची लांबी ६० राहते. त्या ६० सेंटिमीटरच्या दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर पेनने खूण करा. मध्ये १४ सेंटिमीटर उरतात. सगळी मेख या खुणांत आहे. पाच कामट्या एकीखालून एक, एकीवरून एक अशा टाकून पाच टोकांची चांदणी मांडायची आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे खुणेवर खूण आणायची. पाचही ठिकाणी खुणा जुळल्या की कोन आपोआप बरोबर येतो, कोनमापक लागत नाही. टोकं आणि छेद सुती दोऱ्याने फुलीच्या गाठीने घट्ट बांधा. अशा दोन चांदण्या करा.

आता पाच आडव्या काड्या १४ सेंटिमीटरच्या कापून त्यांच्या दोन्ही टोकांना खाच पाडा. दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून पाचही टोकं बांधून टाका. मग आतल्या पाच छेदांवर त्या काड्या मधे उभ्या सारायच्या, म्हणजे चांदणी पोटात फुगते. शेजारशेजारच्या काड्या सलग घातल्या तर सांगाडा पिळतो. एक सोडून एक, असा फेरा मारा. कामट्या तडकतील असं वाटलं तर आधी चार तास पाण्यात भिजवा, किंवा काड्या १२ सेंटिमीटरच्या करा. १४ चा फायदा असा की सगळे त्रिकोण एकाच मापाचे होतात: दोन बाजू २३ सेंटिमीटर, पाया १४. पुढचे पाच, मागचे पाच आणि कडेच्या फटींचे दहा, मिळून वीस त्रिकोण आणि दोन पंचकोन. कामटी वाकल्यामुळे थोडा फरक पडतोच, म्हणून कागद कापताना चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर जास्त सोडा. ओल्या कामटीवर कागद चिकटवू नका. सांगाडा दिवसभर उन्हात वाळू द्या.

कागद पतंगाचा किंवा जिलेटिनचा. पतंगाच्या कागदातून उजेड मऊ येतो, पण पहाटेच्या दवाने तो सैल पडतो. चांदणी छज्जाखाली टांगणार असाल तर पतंगाचा, उघड्यावर असेल तर जिलेटिन. पतंगाच्या कागदाला मैद्याची खळ पुरते: एक भाग मैदा, पाच भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायची आणि पूर्ण गार करून वापरायची. खळ कागदाला नाही, कामटीला लावायची, नाहीतर कागद सुरकुततो. जिलेटिनवर खळ टिकत नाही, तिथे फेव्हिकॉल किंवा चिकटपट्टी. वरच्या टोकाजवळचा कडेचा एक त्रिकोण तीन बाजूंऐवजी एकाच बाजूने चिकटवा, म्हणजे ते झाकण होतं. होल्डर तिथूनच आत जातो आणि ऊबही बाहेर पडते. दिवा ५ ते ७ वॉटचा एलईडी. जुना पिवळा ६० वॉटचा बल्ब कागदाला काही तासांत करपवतो. होल्डर कागदाला टेकणार नाही असा मधोमध दोऱ्याने बांधा. टांगताना वजन वायरवर नको, वरच्या टोकाला वेगळी दोरी बांधा. खालची दोन टोकंही दोरीने गॅलरीला बांधून ठेवा, कारण उत्तरेचा वारा चांदणीला फिरवतो आणि वायर पिळून तुटते.

गोठा आणि गव्हाचं हिरवं

गोठ्याला दोन फूट बाय दीड फुटाची फळी किंवा जाड पुठ्ठा. भिंती तुराट्यांच्या, छपराला ज्वारीचा कडबा किंवा चिपाडं, आत थोडं वाळकं गवत. थर्माकोल नको. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि तसाही तो गोठ्याला शोभत नाही. पोळ्याला आणलेली मातीची बैलजोडी माळ्यावर असेल तर तीच इथे बसवा. मेंढ्या लहान मुलं शाडूच्या करतात. बाळयेशूची मूर्ती २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत, गव्हाण रिकामी असते. बाळाच्या दर्शनाला आलेले तीन मागी राजे फळीच्या लांबच्या कोपऱ्यात ठेवायचे आणि रोज थोडे पुढे सरकवत ६ जानेवारीला गोठ्यापाशी आणायचे. हे काम घरातल्या सगळ्यात धाकट्याचं.

गोठ्यापुढचं हिरवं शेत गव्हाचं करायचं, नवरात्रातल्या घटाची रीत ज्यांना माहीत आहे त्यांना हे नवीन नाही. १२-१३ डिसेंबरला सुरुवात करा. दहा इंची ताटलीला साधारण १०० ग्रॅम गहू. आठ तास भिजवून, रात्रभर फडक्यात बांधून, मोड डोकावले की इंचभर मातीवर दाटीवाटीने पसरायचे आणि वरून मातीचा पातळ थर. दोन दिवस झाकून ठेवायचे. गहू खायचाच घ्या. पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं आणि मुलांचे हात त्यात असतात. थंडीत कोंब हळू येतात, म्हणून रात्री ताटली घरात, सकाळी उन्हात. २४ तारखेपर्यंत चार-पाच इंच होतं. ऊन मिळालं नाही तर पिवळं आणि लांबट पडतं. पाणी जास्त झालं तर मुळाशी पांढरी बुरशी धरते.

फराळ, केक आणि भरीत

फराळ दिवाळीचाच: करंज्या, शंकरपाळे, चकली. त्यात काट्या-चमच्यातल्या काट्याच्या पाठीवर वळलेली 'कलकल' (तळलेला गोड पदार्थ) एवढी भर. त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. केक मात्र कुकरमध्ये करणारे चुकतात, म्हणून तेवढं सांगतो. १५० ग्रॅम लोणी आणि १५० ग्रॅम पिठीसाखर फिकट होईपर्यंत फेटायची, तीन अंडी एकेक करून, मग २०० ग्रॅम मैदा आणि एक चहाचा चमचा बेकिंग पावडर. सुकामेवा २०० ग्रॅम, रमऐवजी १०० मिलिलिटर संत्र्याच्या रसात पाच मिनिटं उकळून रात्रभर फ्रिजमध्ये भिजवलेला. रसात भिजवलेला मेवा तीन-चार दिवसांहून जास्त ठेवला तर आंबतो. तो निथळून, दोन चमचे मैद्यात घोळून मगच मिश्रणात घालायचा, नाहीतर सगळा तळाशी बसतो. पाच लिटरच्या कुकरच्या तळाला इंचभर मीठ, त्यावर जाळी, गॅसकेट आणि शिट्टी काढून टाकलेली. दहा मिनिटं कुकर तापवून मग सात इंची डबा आत, मंद आच, ६० ते ७० मिनिटं. पाऊण तास होईपर्यंत झाकण उघडू नका, केक मध्ये खचतो.

२५ तारखेला उपासनेनंतर मटण-बिर्याणी असते, पण दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना शेतात नेऊन भरीत करायचं, हे खास इकडचं. डिसेंबरात भरिताची हिरवी वांगी ऐन भरात असतात. तुराट्यांवर किंवा कापसाच्या काड्यांवर भाजून, हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचायची, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. नवापूरकडे कॅरोलवाले ढोलकीवर मावची या तिथल्या आदिवासी बोलीतली गाणी म्हणत घरोघर फिरतात. त्यांच्यासाठी चहा आणि फराळाचं ताट तयार ठेवावं लागतं, आणि ते रात्री एक वाजताही येऊ शकतात.

कधी लावायचं, कधी काढायचं

आगमनकाळाचा पहिला रविवार, म्हणजे नाताळाआधीचा चौथा, या दिवशी चांदणी लावतात. झाड नाताळाच्या साधारण आठवडाभर आधी. काही घरांत २४ च्या संध्याकाळशिवाय झाडाला हात लावत नाहीत. धुळीच्या दृष्टीने तेच बरं. उतरवायचं ६ जानेवारीनंतर. कुंडीतला अरोकेरिया मात्र दहा-बारा दिवस झाले की त्याआधीच बाहेर.

उतरवताना क्रम उलटा: चांदणी, गोळे, झालर, शेवटी दिवे. प्रत्येक माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून वर चिठ्ठी लावा, 'चालू' किंवा 'एक तुकडा बंद'. झाड ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा आणि जुन्या चादरीत बांधा. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ते ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये तिथे इतकं तापतं की प्लॅस्टिकच्या सुया ठिसूळ होतात, चिकटवलेल्या चमक्या सुटतात आणि गोळ्यांचा रंग एकमेकांना लागतो. पलंगाखालची पेटी चांगली. डांबरगोळ्यांऐवजी वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाला, कारण डांबरगोळ्या प्लॅस्टिकला चिकटून ते मऊ करतात. बोंडं जपून ठेवण्यात अर्थ नाही, पुढच्या वर्षी ताजी मिळतातच. कुंडीतला अरोकेरिया एकदम उन्हात न्यायचा नाही: आठ दिवस ओसरीत, मग सकाळचं ऊन, आणि मार्च उजाडला की ५० टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा आणि पाणी सकाळ-संध्याकाळ द्या. या दिवसांत मात्र इंचभर माती कोरडी होण्याची वाट बघायची नाही.